रविवारच्या केकमध्ये अंडं-दूध नको

ए-२०४: रविवारी मुलांसाठी केक मी करतेय. ५०१ मधल्या धाकटीला अंडं आणि दूध चालत नाही ना? तिचा वेगळा करू?

बी-५०१: वेगळा नको ताई, जमलं तर सगळ्यांचाच तसा करा. एवढीशी पोरं, एकमेकांच्या ताटात हात घालणारच. एका अंड्याऐवजी १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. बुळबुळीत झाली की घाला. ती मिश्रण बांधून ठेवते, फुगवत नाही. फुगायला सोडा आणि अगदी शेवटी चमचाभर व्हिनेगर. तीन-चार अंड्यांची रेसिपी मात्र घेऊच नका, केक आतून चिकट राहतो.

सी-१०२: आम्ही केळं घालतो. पाव कप, कुस्करून.

बी-५०१: चालतं की. जरा गच्च होतो आणि केळ्याचाच वास येतो, एवढंच.

डी-३०३: दुधाऐवजी शेळीचं दूध घ्या. पचायला हलकं.

बी-५०१: काका, नको नको! त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच, तिच्या अंगावर लगेच गांधी उठतील. लॅक्टोज-फ्रीसुद्धा नको. त्यात फक्त साखर मोडलेली असते आणि हिचं भांडण प्रथिनांशी आहे. सोयाचं किंवा ओटचं दूध घ्या.

ए-२०४: घरात बदामाचं आहे.

सी-४०२: ताई, आमच्याला सुकामेवा चालत नाही 🙏

बी-५०१: मग ओटचंच. सोया कुणाला चालत नसेल तर तोही प्रश्न मिटला.

डी-३०३: आमच्या वेळी असलं काही नव्हतं. थोडं थोडं देऊन सवय लावायची.

बी-५०१: काका, तसे उपचार असतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वाढदिवसाच्या केकवर नाही 😀

ए-२०४: आणि लोणी?

बी-५०१: १०० ग्रॅमला ८० ग्रॅम तेल, कारण लोण्यात पाणीही असतं. भांडी, चमचे, फेटणी साबणाने घासून घ्या. हातही साबणानेच, सॅनिटायझरने प्रथिनं जात नाहीत. चॉकलेटच्या पाकिटाच्या मागचा फोटो इथे टाका. केसीन किंवा व्हे लिहिलं असेल तर ते दूधच समजायचं.

ए-२०४: चॉकलेट ठीक दिसतंय, फोटो टाकते. पण तेलाऐवजी मार्जरीन घेणार होते, त्याच्या डब्यावर व्हे पावडर लिहिलीय!

बी-५०१: तेलच घ्या.