सातारा जिल्ह्यातले सेवेत गेलेले फौजी: तुमच्या घरातली, गावातली आठवण सांगा

उरमोडीकाठ
परवा गावच्या चावडीची डागडुजी चालू होती. गवंड्याने भिंतीचा चुना खरवडला आणि आतून संगमरवरी पाटी निघाली. इंग्रजी अक्षरं. 1914 ते 1919 च्या महायुद्धाला या गावातून इतके जण गेले, पैकी पाच जणांनी प्राण दिले. बस. नाव एकाचंही नाही, नुसता आकडा.

त्या पाचांतला एक आमचा. आजीच्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ. तिथी कुणाला माहीत नाही म्हणून आजी सर्वपित्रीला त्यांचं पान वेगळं काढायची. 'बसऱ्याचं पान' म्हणायची त्याला. बसरा इराकमध्ये आहे हे नंतर कळलं, लहानपणी मला वाटायचं बसरा म्हणजे आमच्या मळ्यापलीकडची एखादी वस्ती असणार. तिकडे तोंड करून मी कावळ्याला हाका मारायचो.

पाटी बघितल्यापासून चैन नाही. तुमच्याकडेही असेल असं कुणी. लिहा.

मिलिटरीची_लेक
माझं आजोळ अपशिंगे मिलिटरी. एकट्या त्या गावच्या 46 जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले. गावाच्या नावातच मिलिटरी आलंय, आणि घरटी फौजी अजूनही. मामा सुट्टीवर आला की आधी त्यांच्या स्मृतिस्तंभापाशी जाऊन मग घरी यायचा. मामी उंबऱ्यात तांब्या घेऊन ताटकळत उभी.

चुलीपाशी
भाकरी टाकतेय, नंतर लिहिते. खूप आहे सांगण्यासारखं.

माणदेशी
आमच्या शाळेतल्या भिंतीवर पण आहे अशीच पाटी!! रोज प्रार्थनेला तिच्यासमोर उभे राहायचो, कधी वाचली नाही. उद्या जातो.

रायगडवाला
सातारा नाही आमचा, तरी लिहितो. माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे, मराठा पलटणीत नाईक. 10 जुलै 1944 ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वडील एसटीतून जाताना पुतळा दिसला की टोपी काढायचे. आता माझाही हात आपोआप कपाळाकडे जातो.

दादांचा_मुलगा
हे कुठे लिहीन असं वाटलं नव्हतं. दादा पलटणीच्या गाडीवर ड्रायव्हर होते. बर्फात रस्ता खचला आणि गाडी दरीत गेली. मी सहावीत. ना लढाई, ना गोळी. पुढे गावात फलक करायचं ठरलं तेव्हा ग्रामसभेत एकजण उठला, 'हे अपघातात गेले, शहिदांत कसे घालायचे?' आई मागे बायकांत बसली होती. काही बोलली नाही, पदर सावरून उठून घरी आली आणि गोठ्यात शेण भरत बसली.

फलकावर नाव आलं शेवटी, सगळ्यात खाली. पण मला विचाराल तर, रेशन घेऊन वर जाणारी गाडी गेली नाही तर वरचे लढणार कशावर? ड्यूटीवर गेला तो गेला.

मिलिटरीची_लेक
भाऊ, डोळे भरून आले. काकूंना नमस्कार सांगा.

कराडची_सून
+१. सेवेत गेला म्हणजे गेला. त्यात वरचा खालचा नाही.

पोरगं_भरतीला
धागा वेगळा आहे माफ करा, पण फौजी लोक आहेत म्हणून विचारते. मुलगा भरतीची तयारी करतोय, 1600 मीटरला दम लागतो. काय द्यावं खायला?

माणदेशी
ताई, भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ. आणि पहाटे डांबरीवर पळू देऊ नका, पायाची नळी दुखते. मातीवर पळव म्हणावं.

आखातात_मुक्काम
उरमोडीकाठ, कामानिमित्त बसऱ्यात होतो तेव्हा तिथलं त्या महायुद्धाचं स्मारक पाहिलंय. नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात. 1997 मध्ये मूळ जागेवरून तिथे हलवलं. 40 हजारांहून जास्त लोकांचं स्मारक ते. गोऱ्यांची नावं कोरलेली, आपल्या सुभेदार-जमादारांचीही. पण साध्या शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा. तुमच्या चावडीसारखंच. उन्हात उभा राहून मोठ्याने 'शिवाजी महाराज की जय' म्हणालो. ऐकायला ड्रायव्हर सोडून कुणी नव्हतं.

नावं नोंदवह्यांत आहेत मात्र. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. मराठाचं स्पेलिंग तेव्हा मध्ये एच घालून करायचे, तसं टाका. आडनावाची तर पार वाट लावलेली असते, तीन-चार तऱ्हेने बघा.

चुलीपाशी
आले. मधले दीर गेले त्याला बावीस वर्षं झाली. पलटणीतून काळी ट्रंक आली, वर पांढऱ्या रंगात नाव नि नंबर. सासूबाईंनी कुलूप उघडू दिलं नाही. खंडेनवमीला खुरपं-विळ्याबरोबर त्या ट्रंकेलाही हळदकुंकू, झेंडूचा हार. त्या गेल्यावर जाऊबाईंनी उघडली. दाढीचा ब्रश, कानटोपी, आणि तळाशी मेतकुटाची पिशवी, रबर लावलेली, अर्धी संपलेली. सासूबाईंनीच दळून दिलेलं. पुरवून पुरवून खात असणार. जाऊबाईंनी रबर परत तस्सं लावलं नि ट्रंक बंद केली. अजून हार घालतो.

कराडची_सून
😢 काय बोलू.

साताऱ्याचा_पेठकरी
नोव्हेंबर 2015. कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात गेले, पोगरवाडीला अंत्यसंस्कार. आम्ही मित्र मोटरसायकलवर निघालो, गर्दीत पुढे जाता येईना, शेवटचं चालत गेलो. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक 2017 ला स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. बातमी आली त्या दिवशी आमच्या आईने शिरा केला होता. ओळख ना पाळख, पण केला.

पोरगं_भरतीला
हे सगळं वाचून पोटात गोळा आला हो. तरी तो जाणारच म्हणतो.

दादांचा_मुलगा
जाऊ दे ताई. माझाही धाकटा भाऊ गेलाच. आईनेच ओवाळून धाडला.

उरमोडीकाठ
आखातवाले, रात्री दोनपर्यंत शोधलं. आमच्या नावाचे दोन निघाले. दोघेही मराठा पलटणीचे, दोघेही 1916 चे, महिने वेगळे. एकाचं गाव लिहिलंय पण स्पेलिंग लागत नाही, दुसऱ्याचं गावच नाही. आमचा कोणता?

चुलीपाशी
दोन पानं वाढा.

उरमोडीकाठ
वाढतो. गवंड्यालाही फोन केला, त्या पाटीवर पुन्हा चुना लावू नको म्हणून.