लेन बदलताना इशारा देणारी गाडी: आपल्या हायवेला कामाची की नुसती मिरवायची?

संकेश्वरकर:
गाडी घेणार असाल तर सनरूफचे पैसे वाचवा आणि ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या जागेचा, इशारा देणारं व्हेरिअंट बघा, असं माझं स्पष्ट मत. पुणे-बेंगळूर हायवेवर जड वाहनं उजव्या लेनमध्ये ठाण मांडून चालतात. हॉर्न दिला, डिपर मारला तरी हलत नाहीत, मग कारवाला डावीकडून काढतो. आणि डावी बाजूच आपल्याला कमी दिसते. आपण बसतो उजवीकडं, मध्ये शेजारचा माणूस, काचेचे खांब, वर डावा आरसा बाहेरगोल, त्यात मागचं वाहन आहे त्यापेक्षा लांब वाटतं. नेमकं त्याच कोपऱ्यात हत्तरगी टोल सोडल्यावर एखादा मोटरसायकलवाला येऊन चिकटतो.

मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रडार असतं. त्या न दिसणाऱ्या जागेत वाहन आलं की त्या बाजूच्या आरशावर बारका दिवा लागतो. तिकडचाच इंडिकेटर दिलात तर दिवा लुकलुकतो, आवाज येतो. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस म्हणून संस्था आहे. तिच्या २०१८ च्या अभ्यासात अशा गाड्यांचे लेन बदलतानाचे, पोलिसांत नोंद झालेले अपघात १४ टक्के कमी निघाले. माणसं जखमी झालेले अपघात २३ टक्के कमी.

उद्यमबागवाला:
अमेरिकेचे आकडे वंटमुरी घाटात कशाला आणताय ओ? तिथं इंडिकेटर देऊन लेन बदलतात. तुम्हीच लिहिलंय, इंडिकेटर दिला तरच आवाज येतो. आपल्याकडं देतो कोण? ट्रकवाल्यानं उजवा इंडिकेटर दिला तर तो वळतोय की 'जा पुढं' म्हणतोय, हे देवालाच ठाऊक.

दुसरं, सहापदरीच्या कामात रस्ता जागोजागी वळवलेला. जुने पांढरे पट्टे एकीकडं, बॅरिकेड दुसरीकडं. मित्राची नवी गाडी अशा ठिकाणी स्टिअरिंग आपणहून जुन्या पट्ट्याकडं ओढायला लागली. त्यानं ते सगळं बंदच करून टाकलंय. बंद ठेवायला लाख-दीड लाख जास्त मोजायचे काय?

संकेश्वरकर:
दादा, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरताय. स्टिअरिंग ओढतं ते लेन कीप. त्याचा कॅमेरा पुढच्या काचेच्या आत असतो आणि तो पट्टे वाचतो. पट्टे चुकीचे तर तोही चुकणार. ते बंद ठेवा, माझंही बंदच असतं. ब्लाइंड स्पॉटच्या रडारला पट्ट्यांशी देणंघेणं नाही, त्याला शेजारी वाहन आहे का एवढंच कळतं. दोन्हीची बटणं बहुतेक गाड्यांत वेगळी असतात, मित्राला एकदा मेनूत बघायला सांगा. आणि इंडिकेटर नाही दिला तरी आरशावरचा दिवा लागतोच, आवाज तेवढा येत नाही.

चिकोडीची सून:
तुमचं दोघांचं बाजूला कोपऱ्यात काय आहे यावरच चाललंय. गळीत हंगामात रात्री या बघू इकडं. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रेडियम, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. अंधारात तो ऊस रस्त्याच्याच रंगाचा दिसतो. कारवाल्याला शेवटच्या क्षणी कळतं, तो खाडकन उजवीकडं घेतो आणि उजवीकडून येणारा त्याला ठोकतो. नोंद होते लेन बदलताना अपघात म्हणून. खरं कारण तोवर डुलत डुलत कारखान्याच्या गेटात पोचलेलं असतं. त्या क्षणी आरशावरचा दिवा बघायला डोळे कुणाचे मोकळे असतात? कारखान्यांनी वजनकाट्यावरच बघावं: मागं रेडियम नसेल तर ट्रॉली परत. चार पट्ट्यांना खर्च तो किती! गाडीतल्या रडारच्या मानानं काहीच नाही.

उद्यमबागवाला:
वहिनी एकदम बरोबर बोलल्या.

संकेश्वरकर:
ट्रॉलीचं शंभर टक्के मान्य. पण कारखाना रेडियम लावेपर्यंत मी माझी गाडी आंधळी का ठेवू? समोर ट्रॉली दिसली आणि बाजूला दिवा पेटलेला असला, तर निदान ब्रेकवर पाय जाईल, स्टिअरिंगवर हात नाही जाणार.

खासबाग गॅरेज:
सगळे रडार रडार करताय म्हणून सांगतो. शोरूममधून गाडी बाहेर आली की पहिलं काम काय, मागं स्टीलचा गार्ड. एकतर तो कायद्यानं चालत नाही, वर रडारच्या तोंडासमोर लोखंड आलं की त्याला पुढचं दिसत नाही. बंपर ठोकून घेऊन जाड पुट्टी मारली, वर दोन-तीन कोट रंग चढवला, तरी तीच गत. चिखलाचा थर बसला तरी डॅशबोर्डवर सूचना येते. पावसाळ्यात खानापूरकडून येणाऱ्या गाड्यांत बघतो, मालक म्हणतो सेन्सर खराब, आम्ही फडक्यानं पुसून देतो.

आणि आरसे नीट लावा की. बहुतेकांच्या आरशात अर्धी स्वतःचीच गाडी दिसते. डोकं उजव्या काचेला टेकवा आणि उजवा आरसा इतका बाहेर फिरवा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मध्यावर आणून डावा तसाच. न दिसणारी जागा बरीच कमी होते, फुकट.

उद्यमबागवाला:
घ्या! फुकटात काम होतंय म्हणजे माझंच खरं.

निवृत्त एसटी:
बाळांनो, कारवाल्यांचं पुरे. डाव्या बाजूला जास्त आंधळं असतं ते बस आणि ट्रकचं. दाराखाली स्कूटर आली तर आम्हाला वरनं दिसायची नाही. २०२५ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोठ्या प्रवासी गाड्या आणि ट्रकसाठी मसुदा काढला: आपोआप ब्रेक, लेन सुटल्याचा इशारा, ड्रायव्हरला झोप आल्याचा इशारा. ते आधी व्हायला पाहिजे. पण नियम नव्या गाड्यांना. आता रस्त्यावर आहेत त्या जुन्या टिपरना कोण लावणार, ते सांगा.

चिकोडीची सून:
काका, जुन्यावरनं आठवलं. आमची गाडी जुनीच आहे. बाहेरून बसवायचं किट ऑनलाइन स्वस्तात दिसतंय, घ्यावं काय?

खासबाग गॅरेज:
ताई, आधी वर्णनात 'अल्ट्रासॉनिक' लिहिलंय का बघा. तसं असेल तर नको, तो पार्किंगचाच सेन्सर. जेमतेम काही मीटरचं बघतो, हायवेवर जोरात मागून येणाऱ्याचा त्याला पत्ता लागत नाही. रडारवालं असेल तर बसवता येतं, पण बंपर काढून, ठरलेल्या कोनात आणि वायरिंग नीट करून. घ्यायच्या आधी गाडी घेऊन या, बंपरच्या आत जागा आहे का ते बघून सांगतो.