गांजाच्या वजनात बारदान धरलं, दहा वर्षं शिक्षा. अपील की दुरुस्ती अर्ज?

मंडळी, मदत हवी आहे. मावसभाऊ मार्केटयार्डात टेम्पो चालवायचा. दोन गोण्या गांजा सापडला म्हणून एनडीपीएसखाली (अमली पदार्थविरोधी कायदा) धरला, आता येरवड्यात आहे. त्याने केलं की नाही यावर इथे वाद नको, मलाही सगळं माहीत नाही.

परवा निकालपत्र नीट वाचलं. परिच्छेद 17 मध्ये मॅजिस्ट्रेटसमोर झालेलं वजन आहे : गोण्यांसकट 20 किलो 900 ग्रॅम, नुसता माल 19 किलो 400. आणि परिच्छेद 43 मध्ये सरळ 20 किलो 900 धरून ‘कमर्शियल क्वांटिटी’, म्हणजे व्यापारी प्रमाण (गांजासाठी 20 किलोच्या वर)! पुढे लिहिलंय की कायद्याने किमान दहा वर्षं, त्यामुळे दया दाखवायला वाव नाही. दहा वर्षं सक्तमजुरी, 1 लाख दंड.

मावशीचे यजमान आयुष्यभर हमाल. ते एवढंच म्हणाले, "अरे, भुसारवालासुद्धा बारदान वजा करून पैसे देतो."

निकालाला 39 दिवस झाले. आमचे वकील म्हणतात त्याच कोर्टात दुरुस्ती अर्ज देऊ. शिवाय कुणीतरी 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला, की सगळं एकत्रच मोजतात. काय करू?

जुना_कारकून :
दुरुस्ती अर्जात दिवस घालवू नका. सही झालेल्या निकालात ते कोर्ट फक्त लेखनिकी चूक सुधारू शकतं. ही चूक तशी नाही, तिच्यावर अख्खी शिक्षा उभी आहे. हायकोर्टात अपील, मुदत 60 दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण त्या भरवशावर राहू नका. पुण्याचं अपील मुंबईलाच, हायकोर्टाच्या कोल्हापूर बेंचला नाही.

2020 चा निकाल अमली पदार्थात मिसळलेल्या भेसळीबद्दल आहे. गोणी काय गांजात मिसळलेली असते?

आता खरी गोम. 20 किलोच्या आतही कमाल शिक्षा दहाच वर्षं आहे, फक्त किमान नाही. म्हणजे वजन सिद्ध केलं की शिक्षा आपोआप उतरेल असं समजू नका. ‘किमान दहा’ या चुकीच्या समजुतीने न्यायाधीशांनी आपले हात बांधून घेतले, हा मुद्दा ठळक मांडायला सांगा. सोबत शिक्षेच्या स्थगितीचा अर्ज. जामिनावर कडक अटी घालणारं कलम 37 आडवं घालतील, पण ते कमर्शियलला लागतं आणि वाद नेमका तिथेच आहे. कच्च्या कैदेचे दिवस वजा झालेत का तेही बघा.

पैशांची अडचण असेल तर कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तुरुंगातूनही अपील पाठवता येतं.

धागाकर्ता :
आभारी आहे दादा. सोमवारी मुलाखत आहे, वकालतनाम्यावर सही घेतो. परिच्छेद 17 चा फोटो टाकू का?

जुना_कारकून :
इथे नको. वकिलाला दाखवा.