डी अँड डी (फासे टाकून, पात्रं वठवत खेळायचा डंजन्स अँड ड्रॅगन्स): लढाई वाढवली तर अर्धे कंटाळतात, कमी केली तर विझार्ड (जादूगार) माजतो. काय करू?

दादरचा_डीएम:
मी डीएम, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा. आमचं टेबल रविवारी दुपारी दादरला बसतं, कारण कोणी विरारहून येतं, कोणी कल्याणहून. त्यात मेगाब्लॉक. हातात उरतात जेमतेम चार तास. २०१४ची पाचवी आवृत्ती, सगळ्यांची पात्रं पाचव्या लेव्हलला.

एकदा इनिशिएटिव्ह (लढाईत कोणाची पाळी कधी, हे ठरवणारा फासा) टाकला की संपलं. खेळातला राउंड ६ सेकंदांचा, टेबलावर वीस मिनिटं जातात. फायटर आणि बार्बेरियन हे लढवय्ये खूश, बार्ड (गाणारा, बोलघेवडा) आणि रोग (चोर) खेळणाऱ्या दोघी मोबाइलमध्ये. उलट परवा बार्डने सराईच्या मालकिणीशी भाड्यावरून चक्क मालवणीत हुज्जत घातली. अफलातून! मालकीण मीच असल्याने मलाही चेव आला. पण तोवर बार्बेरियन फाशांचे मनोरे रचत होता. शेवटी म्हणाला, "मी सराई पेटवतो."

म्हणून आता सेशनला एकच लढाई ठेवतो. तर विझार्ड पहिल्याच टर्नला फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकून सगळं आटोपतो. मग फायटरने करायचं काय?

पार्ल्याची_चेटकीण:
विझार्डला कशाला बोल लावताय? तुमच्या डंजन मास्टर्स गाइडने (डीएमच्या नियमपुस्तकाने) धरलंय की दोन लाँग रेस्टच्या (स्लॉट भरून देणाऱ्या लांब विश्रांतीच्या) मध्ये मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी होतील. तुम्ही एकच देताय, मग तो स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) राखून कोणासाठी ठेवेल? पाचव्या लेव्हलला फायरबॉलला लागणारे तिसऱ्या पातळीचे दोनच स्लॉट असतात. पुढे अजून काय वाढून ठेवलंय हे माहीत नसेल, तर फायरबॉलला हात घालताना तो दहादा विचार करेल. फायटरचं ॲक्शन सर्ज (टर्नमध्ये एक जादा कृती) शॉर्ट रेस्टलाच, म्हणजे छोट्या विश्रांतीलाच, परत येतं, म्हणजे लांबलेल्या दिवसात त्याचं फावतं.

त्याच गाइडमध्ये पर्यायी नियम आहे: शॉर्ट रेस्ट ८ तासांचा, लाँग रेस्ट ७ दिवसांचा. मग सेशनला एक लढाई पुरते, आणि मधल्या दिवसांत सराया, बाजार, मालवणी, काय हवं ते.

जुना_खेळिया:
चेटकीणताईंचं गणित बरोबर आहे, पण वीस मिनिटांचा राउंड त्याने आटपणार नाही. मुळात प्रत्येक लढाई शेवटचा गॉब्लिन मरेपर्यंत का चालते? १९८१च्या बेसिक नियमांत प्रत्येक राक्षसाला २ ते १२ असा मोराल (मनोधैर्य) आकडा असायचा. पहिला गडी पडला की दोन सहा बाजूंचे फासे टाकायचे, निम्मे पडले की पुन्हा. बेरीज मोरालच्या वर गेली की पळापळ किंवा शरणागती. आणि शरण आलेला गॉब्लिन बोलतो! तिथे बार्डचं काम सुरू होतं, बार्बेरियन हातात कुऱ्हाड घेऊन मागे उभा असतानाच. लढाई आणि गप्पा वेगळ्या वाढायच्याच कशाला?

शिवाय तेव्हा एका सुवर्णनाण्याला एक एक्सपी (लेव्हल वाढवणारा अनुभवगुण) मिळायचा, मारण्याचे त्यामानाने फुटकळ. त्यामुळे लोक आधी घासाघीस करून बघत. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी हा खेळ आणला तो वॉरगेममधून, म्हणजे फौजा लढवायच्या खेळातून, तरीही.

ठाणे_स्लो:
टर्नला वाळूचं घड्याळ लावा. वाळू संपली की डॉज (त्या टर्नला नुसते वार चुकवायचे), विषय संपला.
आणि सगळ्यांना आवाज काढून बोलता येत नाही हो. मला तरी लाज वाटते. "माझा बुटका त्याला दम देतो" एवढं म्हणून फासा टाकला तर तेही रोलप्लेच धरा. तुमचा बार्बेरियन कदाचित याचीच वाट बघत असेल.

दादरचा_डीएम:
@चेटकीण, सात दिवसांचा रेस्ट नाही जमणार. अमावस्येला पूल उघडतो आणि आमच्या कथेत अमावस्या चार दिवसांवर आलीये. चकमकी मात्र वाढवतो, छोट्या छोट्या.
@खेळिया, मोराल याच रविवारी लावतो. पण समोर झोंबी आहेत, त्यांना किती देऊ?

जुना_खेळिया:
झोंबींना १२, ते हटत नाहीत. त्यांना हाकणाऱ्या मांत्रिकाला ७ दे.