कॉन्फिडन्स इंटरव्हल शिकवताना संगणकाचा उपयोग नेमका कुठे करावा?

प्रश्न:
मी पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवतो. वर्गात प्रोजेक्टर आहे आणि मोबाइलवर मतदानही घेता येते. तरीही कॉन्फिडन्स इंटरव्हलचा, म्हणजे नमुन्यावरून समष्टीच्या (अभ्यासातल्या संपूर्ण गटाच्या) सरासरीसाठी काढलेल्या दोन आकड्यांमधल्या पट्ट्याचा, अर्थ विचारला, की ‘समष्टीची सरासरी या दोन आकड्यांमध्ये असण्याची संभाव्यता ९५ टक्के’ हेच चुकीचे उत्तर बहुतेकांच्या पेपरात सापडते. सिम्युलेशन, म्हणजे संगणकाने पुन्हा पुन्हा नमुने काढून दाखवणे, पडद्यावर केले, मुलांनी ते कौतुकाने पाहिले, पण फरक पडला नाही. तास मोजकेच असताना काय करावे?

उत्तर १:
सर, सिम्युलेशन सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून अंदाज घेता का? त्यांना विचारा, की एकाच समष्टीतून १०० नमुने घेऊन प्रत्येकाचा ९५ टक्क्यांचा इंटरव्हल काढला, तर खरी सरासरी साधारण किती इंटरव्हलांच्या बाहेर राहील. मत नोंदवून घ्यावे, निकाल झाकून ठेवावा, शेजाऱ्याशी चर्चा करू द्यावी आणि मग पुन्हा मतदान घ्यावे. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हीच पद्धत रुजवली. त्यानंतरच बटण दाबावे. एकदा ३ इंटरव्हल चुकतील, पुढच्या वेळी ७, आणि मुले आपणहून विचारतील की नेमके ५ का येत नाहीत. आता चुकलेल्या एका इंटरव्हलवर बोट ठेवून ‘याच्या आत सरासरी असण्याची संभाव्यता किती?’ असे विचारा. सरासरीची रेघ त्याच्या बाहेर आहे, हे डोळ्यांसमोर असते. त्यामुळे ९५ टक्के हा आकडा त्या एका इंटरव्हलचा नसून तो काढण्याच्या रीतीचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र पहिला नमुना हातानेच काढावा. कागदावर लहानमोठे १०० आयत छापून, नजरेला प्रातिनिधिक वाटतील असे ५ निवडायला सांगितले, की त्यांच्या क्षेत्रफळाची सरासरी बहुधा खऱ्या सरासरीपेक्षा जास्त येते, कारण मोठे आयत नजरेत आधी भरतात. मग यादृच्छिक अंकांनी निवड करावी आणि तीच कृती १००० वेळा संगणकाकडून करून घेऊन प्रत्येक नमुन्याची सरासरी आलेखात ठिपक्याने दाखवावी. आलेखातला एक ठिपका स्वतः काढलेला असला, की उरलेले ठिपके म्हणजे काय, हे कळते. मतदानातले चुकीचे पर्याय मात्र जुन्या उत्तरपत्रिकांतूनच उचला. आपण बसून रचलेल्या चुका सहसा कोणी करत नाही.

उत्तर ३:
वेळेची चिंता रास्त आहे. २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात नापासांचे प्रमाण निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या (विद्यार्थी स्वतः चर्चा, कृती करतात अशा) वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. सूत्रात आकडे घालण्याचा सराव घरी द्यावा, तेवढा वेळ चर्चेला मिळेल. परीक्षेत मात्र इंटरव्हल तयार देऊन त्याचा अर्थच विचारा. नुसती आकडेमोड विचारणार असाल, तर विद्यार्थी तेवढीच करतील.