हुजूर पक्षाचा नेता: खासदारांची पहिली पसंती डावलून निवड होते कशी?

डेक्कन_वाचक
येत्या रविवारी डेक्कनच्या अभ्यासमंडळात ब्रिटनच्या हुजूर (कन्झर्वेटिव्ह) पक्षावर टिपण वाचायचं आहे. २०२२ मध्ये खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक १३७, ट्रस ११३. तरी पंतप्रधान ट्रस. आणि १९९० मध्ये जास्त मतं मिळूनही तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरना का जावं लागलं? हे नियम कधी आणि का बदलले?

शनिवारपेठ
१९६५ पर्यंत निवडणूक नव्हतीच. ज्येष्ठ मंडळी कानोसा घेत आणि एक नाव पुढे येई. १९६३ मध्ये लॉर्ड होम असेच आले. त्यावर इतकी नाराजी झाली की खासदारांचं मतदान सुरू करावं लागलं. त्यातून आलेले पहिले नेते हीथ. पुढे विद्यमान नेत्यालाही आव्हान देता येऊ लागलं आणि १९७५ च्या पहिल्या फेरीत थॅचरनी त्याच हीथना १३० विरुद्ध ११९ असं मागे टाकलं.

१९९० चं गणित नीट मांडा, तिथे हमखास चूक होते. खासदार ३७२. पहिल्या फेरीत जिंकायला बहुमताखेरीज एकूण खासदारांच्या १५ टक्के आघाडी लागे, म्हणजे ५६. थॅचर २०४, त्यांना आव्हान देणारे हेझलटाइन १५२, आघाडी ५२. दोनच खासदार हेझलटाइनकडून थॅचरकडे वळले असते तर २०६–१५०, काम झालं होतं. दुसरी फेरी लढवायचं त्यांनी जाहीरही केलं, पण मंत्र्यांनी एकेकट्याने भेटून ‘जिंकणार नाही’ सांगितलं. त्यामुळे ‘मतदानात हरल्या’ असं लिहू नका, माघार घेतली. मूळ दुखणं पोल टॅक्स (माणशी सारखाच स्थानिक कर) आणि युरोपशी संबंधांच्या वादाचं.

कोथरूड_राज्यशास्त्र
ट्रस यांचं उत्तर १९९८ मध्ये आहे. १९९७ ला पक्ष १६५ जागांवर आला, तेव्हा नवे नेते हेग यांनी नियम बदलला: खासदारांनी फेऱ्या घेऊन दोन नावं ठेवायची, त्यांतलं एक वर्गणी भरणाऱ्या सभासदांनी निवडायचं. सभागृहात ज्या पक्षाचं बहुमत, त्याच्या नेत्याला राजा किंवा राणी सरकार बनवायला बोलावते. म्हणून पक्ष सत्तेत असला की सभासदांचं मत थेट पंतप्रधान ठरवतं.

माझ्या मते दोष इथेच आहे. निवडायचं एकाने, सांभाळायचं दुसऱ्याने. २००१ मध्ये खासदारांच्या शेवटच्या फेरीत क्लार्क ५९, डंकन स्मिथ ५४, पोर्टिलो ५३. एका मताने पोर्टिलो बाहेर. सभासदांनी डंकन स्मिथ निवडले, २००३ मध्ये खासदारांनी ९० विरुद्ध ७५ ने काढले. २०२२ मध्ये सभासदांची मतं ट्रस ८१,३२६, सुनक ६०,३९९. ट्रस यांनी सभासदांपुढे करकपातीचा शब्द दिला होता. २३ सप्टेंबरला अर्थमंत्र्यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची कपात मांडली, स्वतंत्र अंदाजपत्रकीय आकडे न देता. सरकारी रोखे कोसळले, पेन्शन फंडांना तारण भरायला रोकड पुरेना, २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीला उतरावं लागलं. २० ऑक्टोबरला राजीनामा. पुढच्या वेळी उमेदवारीसाठी १०० खासदारांच्या पाठिंब्याची अट आली. सुनक एकटेच उरले, सभासदांचं मतदान झालंच नाही.

शनिवारपेठ
एक भर. ‘१९२२ समिती’ म्हणजे पक्षाच्या मंत्री नसलेल्या खासदारांची संघटना. हे नाव त्या वर्षीच्या, पक्षाने लॉइड जॉर्ज यांचं आघाडी सरकार सोडायचं ठरवलं त्या कार्लटन क्लबच्या बैठकीवरून आलेलं नाही. १९२२ ला नव्याने निवडून आलेल्या खासदारांनी ती १९२३ मध्ये काढली. १९९८ च्या नियमांनुसार पक्षाच्या १५ टक्के खासदारांची पत्रं या समितीच्या अध्यक्षाकडे पोचली की नेत्यावर अविश्वासाचं मतदान होई. पत्रांचा आकडा तोवर गुप्त राही. जून २०२२ मध्ये ५४ पत्रं लागत होती. तेव्हाचे पंतप्रधान जॉन्सन २११–१४८ ने टिकले, नियमाने वर्षभर अभय मिळालं, तरी जुलैत मंत्र्यांनी धडाधड राजीनामे दिले आणि त्यांना जावं लागलं.