मदत हवी आहे: कुत्र्यांच्या त्वचारोगावरच्या संशोधनासाठी अनुदान, खासगी दवाखान्यातून अर्ज कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

मी पशुवैद्य. एम.व्ही.एस्सी. करून पुण्यात अकरा वर्षं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते आहे. संशोधनासाठी पैसे मागायची पहिलीच वेळ आणि पहिल्याच पायरीला ठेच लागली आहे.

पावसाळा लागला की माझ्याकडे खाजेच्या कुत्र्यांची रांग लागते. त्यातल्या काहींचा पायोडर्मा (त्वचेचा पू धरणारा जंतुसंसर्ग) बरा होतो आणि महिन्याभरात पुन्हा उगवतो. गेल्या आठवड्यातला एक लॅब्राडोर: पोटावर गोल चट्टे, कडेने सुटलेल्या पापुद्र्यांची झालर, मध्ये काळपट डाग. मालकीणबाईंनी पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्यांचा गठ्ठाच काढून टेबलावर ठेवला. तीनदा सेफॅलेक्सिन, मध्येच एकदा एन्रोफ्लॉक्सासिन, दोन्ही अँटिबायोटिक, आणि प्रत्येक पट्टीत चार-पाच गोळ्या शिल्लक. "बरं दिसलं की थांबवायचो, परत आलं की उरलेल्या द्यायचो." कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस हा कुत्र्यांच्या त्वचेवरचा जंतू निघाला, तोही मेथिसिलिनला न जुमानणारा, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा.

असे रिपोर्ट चार वर्षं मी एका वहीत चिकटवत आले आहे. आता मला बघायचं आहे की वरवरच्या पायोडर्मात पोटातून अँटिबायोटिक न देता नुसत्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या शाम्पूवर किती कुत्री बरी होतात. परदेशात यावर काम झालंय, तिथल्या मार्गदर्शक सूचनाही आता याच बाजूने झुकल्या आहेत. पण फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा, तेही आठवड्यातून दोन-तीनदा. आपल्याकडे वन बीएचकेची न्हाणी, एक वेळ येणारं पाणी आणि पस्तीस किलोचा ओला लॅब्राडोर! औषध लागू पडतं का यापेक्षा लोकांना हे झेपतं का, हा माझा खरा प्रश्न आहे.

एका ठिकाणी अर्ज केला होता (नाव नको). एका ओळीत परत आला: मुख्य संशोधक मान्यताप्राप्त संस्थेत कायम पदावर हवा. एका ओळखीच्या सरांनी सल्ला दिला, "लम्पीवर लिही, पैसे मिळतील." लम्पी महत्त्वाचा आहेच, २०२२ साली आपल्या शेतकऱ्यांनी काय भोगलं ते विसरलेले नाही. पण माझ्या दवाखान्याची पायरी गाय चढत नाही. जे रोज बघते त्यावरच लिहीन ना?

तर, खासगी पशुवैद्याला अर्ज करायला वाट आहे का? आणि "कुत्र्याची खाज म्हणजे श्रीमंतांचे चोचले" असं वाटणाऱ्या परीक्षकाला हे पटवायचं कसं?

प्रतिसाद १

डॉक्टर, पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालोय, अर्ज लिहिलेत आणि तपासलेतही.

आधी एक. संशोधनाला अनुदान देणारं केंद्र सरकारचं 'सर्ब' आता राहिलेलं नाही, २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये ते विलीन झालं. जुन्या पीडीएफवर विसंबून अर्ज भरू नका. कायम पदाच्या अटीशी भांडण्यात अर्थ नाही. शिरवळ किंवा परळच्या महाविद्यालयात मेडिसिन वा मायक्रोबायोलॉजीचा माणूस गाठा, तो मुख्य संशोधक, तुम्ही सहसंशोधक. पेशंट तुमचे, प्रयोगशाळा त्यांची. नैतिक समितीची परवानगीही त्यांच्याकडूनच घ्या. मालकाचं कुत्रं आहे, उपचारच तर करतोय, म्हणून ती टाळू नका.

चोचल्यांचं म्हणाल तर कुत्रा मागे ठेवा, गोळ्यांची ती पिशवी पुढे आणा. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंबाबत देशाचा कृती आराखडा २०१७ मध्ये आला, त्यात प्राण्यांमधला वापरही आहे. तुमचा प्रकल्प त्यात चपखल बसतो, ओढूनताणून बसवावा लागत नाही.

आणि आजच वही उघडा. लॅबने मेथिसिलिनच्या तपासणीसाठी कुठल्या अँटिबायोटिकची चकती लावली होती? सेफॉक्सिटिन असेल तर घात. माणसांतल्या स्टॅफिलोकोकस ऑरियसला ती चालते, पण स्यूडइंटरमीडियसचे प्रतिकारक जंतू तिच्यातून निसटतात, तिथे ऑक्सॅसिलिन लागते. (स्यूडइंटरमीडियस हे नावच २००५ चं. आम्ही शिकलो तेव्हा सगळ्यांना इंटरमीडियसच म्हणायचो.) परीक्षक मायक्रोबायोलॉजीचा निघाला तर याच ओळीवर फाईल मिटेल.

संख्याशास्त्रज्ञाला आधी भेटा, नमुने गोळा झाल्यावर नव्हे. शाम्पू की गोळी हे मालकापासून लपणार नाही, पण चट्टे मोजणाऱ्यापासून लपवता येतं. तो माणूस वेगळा ठेवा.

प्रतिसाद २

परदेशी त्वचारोग संघटना किंवा मॉरिस ॲनिमल फाउंडेशनचा विचार असेल तर आधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बघा. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे पहिल्यांदा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात, आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला द्यायची सोयही गेली. आमचं एक वर्ष या कागदांत गेलं.

बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' अनुदान ५० लाखांपर्यंत असतं, पण ते नवं उत्पादन काढणाऱ्यांसाठी. तुम्ही शाम्पू बनवत नाही, बाजारातला वापरून बघताय. उगाच तिकडे वेळ घालवू नका.

धागाकर्ती

दोघांचे आभार. सर, रात्रीच वही काढून बसले. पहिल्या दीड वर्षाचे सगळे रिपोर्ट सेफॉक्सिटिनचे! लॅबला फोन केला, तर जंतू जपून ठेवायची पद्धतच नाही म्हणाले, म्हणजे पुन्हा तपासणंही नाही. ती पानं अर्जात धरणार नाही. उरलेल्या अडीच वर्षांत ऑक्सॅसिलिन आहे, पण नमुने फारच कमी उरतात.

शिरवळला एका मॅडमशी बोलणं झालंय, सोमवारी वही घेऊन जाते. त्यांनी पहिलीच गोष्ट मागितली ती मालकांचं संमतिपत्र. माझ्याकडे आहे ते इंग्रजीत, वकिली थाटाचं. त्या लॅब्राडोरच्या मालकीणबाई वाचून सही करतील असं साध्या मराठीतलं कुणाकडे असेल तर इथे टाकाल का? "कधीही बाहेर पडलात तरी उपचार थांबणार नाहीत" हे वाक्य त्यात नीट कसं लिहायचं यावर अडले आहे.